शंका घेणारा आणि कट शोधणारा: दोघांना एकाच माळेत का ओवतात?

प्रश्न असा आहे: लसीच्या दुष्परिणामांबद्दल साधं विचारलं तरी लगेच 'कॉन्स्पिरसी थिअरीवाला' हा शिक्का का बसतो? आणि शंका प्रामाणिक असेल तर ती विचारायची कशी आणि कुणाला?

गोंधळ होतो तो तीन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळे. लस न घेणं ही कृती आहे. लसीबद्दल मन साशंक असणं ही मनाची अवस्था आहे. लसीमागे कुणाचा तरी छुपा डाव आहे, असं मानणं ही जगाबद्दलची एक मांडणी आहे. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात, पण बहुतेकदा नसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या लसीकरण सल्लागार गटाने 2014 मध्ये लस-साशंकतेची व्याख्या केली. सेवा उपलब्ध असूनही लस घ्यायला उशीर करणं किंवा नकार देणं, एवढंच त्या व्याख्येत आहे. माणसाच्या हेतूबद्दल किंवा त्याच्या विचारसरणीबद्दल तिच्यात एक अक्षर नाही. कारणांचे तीन गट त्यांनी केले: विश्वास नसणं, आजाराची भीती न उरल्याने आलेली बेफिकिरी आणि गैरसोय. केंद्राची वेळ आणि कामाची वेळ एकच असणं, मागच्या डोसनंतर बाळ दोन रात्री तापलेलं असणं, सुईची भीती, लसीकरणाचं कार्ड हरवलं म्हणून बोलणी खावी लागतील ही धास्ती, अशी कारणं रोज दिसतात. यातल्या एकाचाही कटाशी संबंध नाही. पण नोंदवहीत या सगळ्यांपुढे 'नकार' हाच एक शब्द पडतो आणि पुढचा माणूस तो शब्द वाचूनच बोलायला सुरुवात करतो.

शंका आणि कटाची गोष्ट यांतला फरक विषयात नसतो, रचनेत असतो. काही लसींत परिणाम वाढवण्यासाठी ॲल्युमिनियमचे क्षार घातलेले असतात. 'लसीतलं ॲल्युमिनियम बाळाला अपायकारक आहे का?' हे वाक्य दोन्हीकडचं असू शकतं. शंका घेणाऱ्याला मात्रा, शोषण, उत्सर्जन यांचं उत्तर मिळालं की त्याचा प्रश्न एकतर सुटतो किंवा अधिक नेमका होतो. कटाच्या गोष्टीत पुरावा मिळाला तर तो पुरावाच, आणि नाही मिळाला तर 'दडवला' म्हणून तोही पुरावाच. म्हणजे ती गोष्ट खोटी ठरण्याची वाटच बंद केलेली असते. म्हणून कामाची कसोटी एकच: 'तुम्हाला काय दाखवलं तर तुमचं मत बदलेल?' ज्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, तो शंका घेणारा आहे, मग त्याची शंका कितीही चुकीच्या माहितीवर उभी असो. ही कसोटी लसीचं समर्थन करणाऱ्यांनाही लागू होते. 'कोणता दुष्परिणाम, किती प्रमाणात दिसला तर ही लस थांबवाल?' याचं उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला दुसऱ्याला अंधश्रद्ध म्हणायचा अधिकार नाही.

इथे एक गोष्ट मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही कट खरे होते. अमेरिकेत टस्कीगी इथे 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता सरकारी आरोग्यखात्याने नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं, त्यावरचं औषध पेनिसिलिन सर्रास मिळू लागल्यावरही. नायजेरियातल्या कानो इथे 1996 च्या मेंदूज्वराच्या साथीत एका बहुराष्ट्रीय कंपनीने मुलांवर नव्या प्रतिजैविकाची चाचणी केली आणि पालकांची रीतसर संमती घेतली नाही, या आरोपावरून पुढे खटले आणि भरपाई झाली. त्याच कानोत 2003-04 मध्ये पोलिओच्या डोसांवर बहिष्कार पडला आणि तिथला विषाणू अनेक देशांत पोहोचला. पाकिस्तानात ॲबटाबाद इथे 2011 मध्ये अमेरिकी गुप्तहेर संस्थेने ओसामा बिन लादेनच्या शोधासाठी हिपॅटायटिस बी लसीकरणाचा बनाव रचला. पुढे 2014 मध्ये अमेरिकेने लसीकरण मोहिमा असा आडोसा म्हणून वापरणार नाही असं जाहीर केलं. हा इतिहास ज्या समाजाने भोगला, तिथे 'आमचा विश्वास नाही' हे वाक्य अडाणीपणाचं नसतं, अनुभवाचं असतं.

पण हे कट कसे होते तेही नीट बघा. त्यांत सामील माणसं मोजकी होती, उद्दिष्ट ठरावीक होतं आणि ते उघडकीला आले ते कागदपत्रं, साक्षीदार आणि पत्रकारांमुळे. 'जगातले सगळे औषध नियामक मिळून लसींचे दुष्परिणाम लपवतात' हा दावा वेगळ्या जातीचा आहे. त्यासाठी एकमेकींचा धंदा खाणाऱ्या कंपन्या, एकमेकांशी वैर असलेले देश आणि नुकसानीचे पैसे ज्यांच्या खिशातून जातात ते विमेवाले अशा सगळ्यांची एकजूट लागेल. प्रत्यक्षात नोंदी उलट सांगतात. लसींचे जे गंभीर दुष्परिणाम आज आपल्याला माहीत आहेत, ते बहुतांशी सरकारी आणि वैद्यकीय नोंदव्यवस्थांनीच शोधून जाहीर केले आहेत.

रोटाशील्ड या रोटाव्हायरसच्या (बाळांना जुलाब करणाऱ्या विषाणूच्या) लसीला अमेरिकेत ऑगस्ट 1998 मध्ये परवानगी मिळाली. दुष्परिणाम नोंदणीच्या राष्ट्रीय यंत्रणेत आतड्यात आतडं अडकण्याच्या जेमतेम 15 नोंदी आल्या आणि जुलै 1999 मध्ये लस देणं थांबवण्यात आलं. ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून गेली. धोका साधारण 10 हजार बाळांत एक असा निघाला. 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत वापरलेल्या पँडेमरिक्स लसीचा आणि मुलांमधल्या नार्कोलेप्सीचा (दिवसा अनावर झोप येण्याच्या विकाराचा) संबंध 2010 मध्ये फिनलंड आणि स्वीडनमधून पुढे आला. ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीनंतरच्या विरळा पण जीवघेण्या गुठळ्या मार्च 2021 मध्ये युरोपात लक्षात आल्या आणि काही आठवड्यांत ब्रिटनने आधी तिशीच्या आतल्यांना, मग चाळिशीच्या आतल्यांना तिच्याऐवजी वेगळी लस द्यायला सुरुवात केली. एमआरएनए लसींनंतरचा हृदयस्नायूदाह तर वयोगट आणि डोसनिहाय मोजला गेला. अमेरिकेत 16-17 वर्षांच्या मुलग्यांत फायझरच्या दुसऱ्या डोसनंतर दर दहा लाख डोसांमागे सुमारे 106 नोंदी. या प्रत्येक ठिकाणी सुरुवात कुणाच्या तरी शंकेनेच झाली. 'लशीनंतर हे झालं, जरा बघा' असं कुणी आई म्हणाली, कुणी डॉक्टर म्हणाला. ते म्हणणारे हास्यास्पद ठरले असते, तर यातलं काहीच सापडलं नसतं.

'मग आधी चाचण्यांत का नाही कळलं?' हा पुढचा प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर गणितात आहे. एखादी घटना चाचणीतल्या 'न' माणसांपैकी एकालाही झाली नाही, तरी तिचा खरा दर 'न'पैकी 3 इतका असण्याची शक्यता उरते. 30 हजार जणांच्या चाचणीत काहीच दिसलं नाही, याचा अर्थ धोका 10 हजारांत एकापेक्षा बहुधा जास्त नाही, एवढाच होतो. धोका शून्य आहे असा होत नाही. म्हणून रोटाशील्डनंतरच्या दोन रोटाव्हायरस लसींच्या चाचण्या प्रत्येकी 60 हजारांहून जास्त बाळांवर कराव्या लागल्या. दहा लाखांत एक असा दुष्परिणाम लस बाजारात आल्यावरच कळणार. कितीही प्रामाणिक कंपनी आणि कितीही कडक नियामक असला तरी. हे आधी सांगायला हवं. आधी सांगितलं तर ते विज्ञान वाटतं आणि नंतर कळलं तर तेच लबाडी वाटतं.

शिक्का का मारला जातो, याची कारणं शिक्का मारणाऱ्यांच्या बाजूनेही समजून घ्यायला हवीत. एकच खोडून काढलेला दावा शंभराव्यांदा समोर आला की डॉक्टर प्रश्न न ऐकता प्रश्नकर्त्याचा गट ठरवतो. बाह्यरुग्ण विभागात एका बाळामागे पाच-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात शंका उलगडण्यापेक्षा झटकणं सोपं जातं. शिवाय लस ही एकट्याची बाब नाही. गोवराचा एक रुग्ण, कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, 12 ते 18 जणांना आजार देऊ शकतो; साथ रोखायला सुमारे 95 टक्के लोक सुरक्षित लागतात. त्यामुळे दुसऱ्याचा नकार आपल्या तान्ह्या बाळाला भोवेल, ही भीती खरी असते आणि भीतीतून राग येतो. राजकारण शिरलं की मग विचारायलाच नको.

आणखी एक कारण जास्त गंभीर आहे: खात्री नसताना खात्रीने बोलणं. कोविड लसींच्या मूळ चाचण्यांत मुख्य मोजमाप होतं ते लक्षणांसह झालेल्या आजाराचं, प्रसाराचं नव्हे. तरीही 'लस घेतली की तुमच्याकडून दुसऱ्याला होणार नाही' असं जाहीरपणे सांगितलं गेलं. विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला, लस घेतलेल्यांकडूनही संसर्ग पसरला आणि ज्यांनी आधी शंका काढली होती त्यांना वाटलं, आपण सगळ्याच बाबतीत बरोबर होतो. तसं नव्हतं, गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्याचं काम लस करतच होती. पण ते सांगणाऱ्यांची पत गेलेली होती. कोविडच्या विषाणूच्या उगमाबद्दलही हेच झालं. फेब्रुवारी 2020 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने पत्र लिहून विषाणू नैसर्गिक नाही असं म्हणणं म्हणजे कटाची थिअरी, असं जाहीर केलं. फेसबुकने 2021 च्या फेब्रुवारीत 'विषाणू मानवनिर्मित आहे' हा दावा काढून टाकायचं ठरवलं आणि मे महिन्यात तो निर्णय मागे घेतला. दावा खरा की खोटा हा मुद्दाच वेगळा. जो प्रश्न उघडा होता तो शिक्का मारून बंद केला गेला, आणि नंतर शिक्काच निरुपयोगी झाला.

विश्वास गमावण्याची किंमत किती असते ते पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या बेटांच्या देशात दिसलं. हे प्रकरण मी सविस्तर देतोय, कारण लसीबद्दलची शंका आणि लसीकरणाबद्दलची शंका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यातून स्पष्ट दिसतं. गोवर-गालगुंड-रुबेलाची (एमएमआर) लस भुकटीच्या रूपात येते. एका कुपीत भुकटी आणि दुसऱ्या कुपीत ती विरघळवायचं द्रावण. द्रावण त्याच उत्पादकाचं, त्याच लसीसाठीचं लागतं, मिसळण्याआधी थंड केलेलं लागतं, आणि मिसळल्यानंतर लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवून सहा तासांच्या आत किंवा सत्र संपताच, यांतलं जे आधी येईल तेव्हा, टाकून द्यायची असते. जुलै 2018 मध्ये सामोआतल्या एका रुग्णालयात भुकटीत द्रावणाऐवजी स्नायू शिथिल करणाऱ्या भुलीच्या औषधाची मुदत संपलेली कुपी मिसळली गेली. दोन बाळं टोचल्यावर काही मिनिटांत दगावली. लस निर्दोष होती, मिसळणारा हात चुकला होता. पण लसीकरणाची मोहीम कित्येक महिने थांबवली गेली, अफवांना मोकळं रान मिळालं आणि त्या वर्षी गोवराचा पहिला डोस मिळालेल्या बाळांचं प्रमाण सुमारे 31 टक्क्यांवर घसरलं. 2019 च्या अखेरीस गोवर आला. दोन लाख वस्तीच्या देशात 5,700 हून जास्त रुग्ण आणि 83 मृत्यू, त्यांत बहुतांश पाच वर्षांखालची मुलं. अशा वेळी 'लस सुरक्षित आहे' एवढंच सांगत राहणं पुरत नाही. काय चुकलं, कोणती कुपी कुठे ठेवली होती आणि आता लसीच्या फ्रीजमध्ये दुसरं कुठलंही औषध ठेवलं जात नाही, हे दाखवावं लागतं.

आपल्याकडेही 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा इथे एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या) लसीचा प्रकल्प सात मुलींच्या मृत्यूंनंतर थांबवावा लागला. मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. मात्र वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या लोकांनी सह्या केल्याचं समोर आलं आणि संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. इथे 'लसीने मारलं' म्हणणारे चुकीचे होते आणि 'आम्हाला न विचारता टोचलं' म्हणणारे बरोबर होते. दोघांना एकच उत्तर दिलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो.

आता कटाच्या बाजारपेठेबद्दल, कारण तीही आहे. ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्डचा 1998 चा लेख अवघ्या 12 मुलांवरचा होता. एमएमआर आणि स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) संबंध सुचवणाऱ्या या लेखकाला लस कंपन्यांवर दावा लावणाऱ्या वकिलांकडून पैसे मिळत होते आणि त्याने वेगळ्या गोवर लसीच्या पेटंटसाठी अर्जही केला होता. लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला आणि त्याचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. डेन्मार्कमध्ये 6,57,461 मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात असा संबंध आढळला नाही. 'पैसा कुणाला मिळतो?' हा प्रश्न लस कंपन्यांना विचारलाच पाहिजे. तोच प्रश्न 'डिटॉक्स'चे कोर्स आणि पूरक गोळ्या विकणाऱ्यांनाही विचारायचा. जो एकाच बाजूला विचारतो, त्याची शंका अर्धीच आहे.

शंका घेणाऱ्याने आकडे वाचताना दोन ठिकाणी फार जपावं. पहिलं ठिकाण: 'लशीनंतर झालं' म्हणजे 'लशीमुळे झालं' नव्हे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशोबानुसार ब्रिटनमध्ये एक कोटी लोकांना लस दिली, तर लशीचा काडीचाही संबंध नसताना पुढच्या सहा आठवड्यांत गियाँ-बारे सिंड्रोमचे (नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडण्याच्या आजाराचे) सुमारे 22 रुग्ण आणि अचानक मृत्यूच्या सुमारे सहा घटना होणारच असतात. म्हणून नुसत्या नोंदींची संख्या काही सांगत नाही. अपेक्षेपेक्षा किती जास्त, हा आकडा मागायचा.

दुसरं ठिकाण: 'आजारी पडलेल्यांत इतके लस घेतलेले होते.' समजा शाळेत 1,000 मुलं आहेत, 950 जणांना गोवराचे दोन्ही डोस झालेत आणि 50 जणांना एकही नाही, ना कधी गोवर होऊन गेलाय. दोन डोसांचं संरक्षण सुमारे 97 टक्के धरा. साथ सगळीकडे पोहोचली आणि असुरक्षित मुलांपैकी 90 टक्के आजारी पडली, तर 50 मधली 45 मुलं आजारी. 950 पैकी 3 टक्के म्हणजे 28-29 मुलं असुरक्षित राहिलेली, त्यांतली 26 आजारी. एकूण 71 रुग्ण आणि त्यांत 26, म्हणजे शंभरात 37, लस घेतलेले. बातमी होते 'एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांनी लस घेतली होती'. बातमी खरी आहे. पण लस न घेतलेल्यांत 100 पैकी 90 आजारी पडले आणि घेतलेल्यांत 100 पैकी तीनही नाहीत. छेद बदलला की अर्थ बदलतो. म्हणून प्रत्येक टक्केवारीला 'कशापैकी?' हे विचारायचं.

समर्थकांचीही अशीच एक सवय मोडायला हवी: घाईचं, अर्धवट उत्तर. ॲल्युमिनियमचंच घ्या. पहिल्या सहा महिन्यांत लसींतून बाळाला सुमारे 4 मिलिग्रॅम ॲल्युमिनियम मिळतं आणि आईच्या दुधातून सुमारे 7, असं सांगून विषय संपवला जातो. पण पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्काही रक्तात उतरत नाही, टोचलेलं मात्र हळूहळू का होईना सगळं उतरतं. हे वाचलेली आई ती तुलना तिथल्या तिथे खोडून काढते, आणि मग तिला वाटतं की बाकीचंही असंच असणार. खरं उत्तर थोडं लांब आहे. स्नायूतलं ॲल्युमिनियम आठवड्या-महिन्यांत हळूहळू विरघळतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. अमेरिकेच्या औषध नियामकातल्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये बाळाच्या शरीरात साठणाऱ्या मात्रेचा हिशोब मांडला, ती पहिल्या वर्षभर सुरक्षित पातळीच्या खाली राहते. डेन्मार्कमधल्या 12 लाखांहून जास्त मुलांच्या 2025 च्या अभ्यासात लसींतल्या ॲल्युमिनियममुळे दमा, स्वप्रतिकार किंवा स्वमग्नता अशा विकारांचं प्रमाण वाढल्याचं दिसलं नाही. हे सांगायला दोन मिनिटं जास्त लागतात, ती द्यावीत.

समोरच्याशी बोलायचं कसं? अमेरिकेत 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पालकांना एमएमआरबद्दल चार प्रकारे माहिती दिली: संबंध नसल्याचे पुरावे, आजारांचे धोके, आजारी मुलांची छायाचित्रं, एका आजारी बाळाची हकिकत. चारांपैकी एकानेही लस देण्याचा इरादा वाढला नाही. स्वमग्नतेबद्दलचा गैरसमज पुराव्याने कमी झाला, पण जे आधीच सर्वाधिक साशंक होते त्यांचा इरादा उलट घटला. म्हणजे माहितीची तूट भरली की निर्णय बदलतो, हे गृहीतकच कच्चं आहे. सुरुवात कशी करता यालाही वजन असतं. 2013 च्या एका निरीक्षणात 'आज बाळाचे हे हे डोस आहेत' असं म्हणून सुरू केलेल्या भेटींत 26 टक्के पालकांनी आढेवेढे घेतले, आणि 'लसींचं काय ठरवलंय तुम्ही?' असं विचारल्यावर 83 टक्क्यांनी. मात्र पहिल्या पद्धतीत पालक भेटीबद्दल कमी समाधानी असल्याचं त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात दिसलं. माझं मत असं: सुरुवात ठाम करा, पण शंका निघाली की ठामपणा बाजूला ठेवून ऐका.

ऐकायचं म्हणजे क्रमाने. आधी विचारायचं, 'नेमकी कशाची काळजी वाटते?' आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलायचं नाही. मग त्यातलं खरं असेल ते मोकळेपणाने कबूल करायचं. मग परवानगी: 'मला याबद्दल माहीत आहे ते सांगू का?' मग एकच मुद्दा, आकड्यासह. आणि शेवटी 'हे ऐकून आता काय वाटतं?' एका बैठकीत पाच गैरसमज खोडायला गेलं की समोरचा बचावात जातो. निर्णय त्याच दिवशी झाला नाही तर पुढची तारीख देऊन ठेवायची आणि दार उघडं आहे हे स्पष्ट सांगायचं. सर्वांत महत्त्वाचं, दुष्परिणाम आधी सांगायचे. एमएमआरनंतर शंभरातल्या 5 ते 15 मुलांना ताप येतो, तो त्याच दिवशी नव्हे, साधारण 7 ते 12 दिवसांनी. तापातले झटके तीन-चार हजार डोसांमागे एक. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अचानक येणारी जीवघेणी ॲलर्जी, दहा लाख डोसांमागे मोजक्याच जणांना, आणि ती बहुतेकदा मिनिटांत दिसते म्हणूनच टोचल्यावर किमान 15 मिनिटं बसवून ठेवतात. ज्या आईला नवव्या दिवशी ताप येऊ शकतो हे माहीत आहे, ती नवव्या दिवशी घाबरून समाजमाध्यमांवर उत्तर शोधत नाही.

शंका घेणाऱ्यासाठी: प्रश्न जितका नेमका, तितका शिक्का मारणं अवघड. 'लसी धोकादायक आहेत ना?' याला उत्तर नसतं. 'माझ्या 12 महिन्यांच्या मुलीला मागच्या वेळी तापात झटका आला होता, तर एमएमआर द्यावी का, आणि दिली तर कोणत्या दिवसांत लक्ष ठेवू?' या प्रश्नाला कुठल्याही डॉक्टरला उत्तर द्यावंच लागतं. लशीनंतर काही विपरीत झालं असेल तर लसीचं नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, टोचल्याची वेळ, पहिलं लक्षण दिसल्याची वेळ, त्याआधीचे आजार आणि चालू औषधं लिहून ठेवा आणि जिथे लस दिली तिथे लेखी नोंद करायचा आग्रह धरा. चौकशीत घटनेचं कारण पाचांपैकी एका खान्यात बसवतात: लशीचा स्वतःचा गुण, उत्पादनातला दोष, देण्यातली चूक, टोचण्याच्या भीतीने आलेली प्रतिक्रिया किंवा निव्वळ योगायोग. यातला चौथा खाना ऐकून लोक चिडतात, 'म्हणजे आम्ही नाटक करतो?' तसं नाही. भोवळ, हातपाय बधिर होणं, श्वास लागणं हे सगळं शरीरात खरोखर होतं, आणि शाळेत एकाच वेळी पन्नास मुलींनाही होऊ शकतं. निष्कर्ष 'अनिश्चित' आला तर तो दडपण्याचा प्रकार नसतो. पुरावा अपुरा आहे, पण तशाच आणखी नोंदी आल्या तर पुन्हा बघायचं, असा त्याचा अर्थ असतो. मात्र त्या अहवालाची प्रत मागण्यात मागे हटू नका.

आणि माहितीपत्रक वाचताना शब्दांमागचे आकडे लक्षात ठेवा. तिथे 'अतिसामान्य' म्हणजे दहांत एक किंवा जास्त, 'सामान्य' म्हणजे शंभरात एक ते दहांत एक, 'असामान्य' म्हणजे हजारात एक ते शंभरात एक, 'दुर्मीळ' म्हणजे दहा हजारांत एक ते हजारात एक, आणि 'अतिदुर्मीळ' त्याहूनही कमी. 'वारंवारता माहीत नाही' असं जिथे लिहिलेलं असतं, त्या घटना लस बाजारात आल्यावरच्या नोंदींतून आलेल्या असतात. किती जणांना डोस दिल्यावर किती जणांना ते झालं याचा पक्का छेद तिथे नसतो आणि कार्यकारणभाव सिद्ध झालेला असेलच असंही नाही. अशी एखादी ओळ काळजीची वाटली, तर डॉक्टरांपुढे ती ओळ ठेवूनच विचारा: अपेक्षित प्रमाणाशी हिची तुलना झाली आहे का, आणि झाली असेल तर काय निघालं?